गॉथिक रहस्यकादंबरी लिहायची आहे? आधी परटिणीची वही उघडा

धुकं, एकाकी वाडा, कुलूपबंद खोली, जिन्यावर पावलं आणि हातात मेणबत्ती धरलेली बाई. एवढं सामान जमलं की गॉथिक कादंबरी उभी राहिली, अशा समजुतीने बरेच नवोदित सुरुवात करतात आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात अडकतात. वातावरण भरपूर असतं, पण नायिकेला करायला काम नसतं. मग ती एक तर घाबरून बेशुद्ध पडते, नाहीतर आजची पोलीस इन्स्पेक्टर जुन्या काळचा घोळदार झगा घालून आल्यासारखी सगळ्यांना दरडावत सुटते. दोन्ही गोष्टी वाचकाला पटत नाहीत.

या लेखात व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये घडणारी, स्त्री गुप्तहेर असलेली कादंबरी पहिल्या टिपणापासून कशी बांधायची ते पाहू. इंग्लंडच का, तर या प्रकाराचं माहेर तेच. पहिली गॉथिक कादंबरी लंडनमध्ये १७६४ च्या डिसेंबरात छापली गेली. पुढची शंभर वर्षं अशा पुस्तकांतली बाई बहुधा वाड्यात कोंडलेलीच असायची. १८६४ मध्ये त्याच लंडनमध्ये दोन पुस्तकं निघाली, ज्यांतल्या नायिका पैसे घेऊन गुन्ह्यांचा छडा लावत होत्या. गंमत अशी, की तेव्हा लंडनच्या पोलिसांत एकही स्त्री गुप्तहेर नव्हती. अटकेचा पूर्ण अधिकार असलेली ब्रिटनमधली पहिली महिला पोलीस, एडिथ स्मिथ, ग्रँटहॅममध्ये नेमली गेली ती थेट १९१५ साली. म्हणजे तुमच्या नायिकेच्या हातात कायद्याचा दंडुका नाही. तिला दुसरं काहीतरी द्यावं लागेल, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पायरी पहिली: शतक नको, वर्ष ठरवा

‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ असं टिपणात लिहिलंत तर पुढे पावलोपावली ठेचा लागतील. साल पक्कं करा, कारण सालाबरोबर कायदा बदलतो, आणि कायद्याबरोबर खून करण्याचं कारण बदलतं.

आपण उदाहरणासाठी १८६९ चा नोव्हेंबर घेऊ. ठिकाण यॉर्कशायरचा समुद्रकिनारा, व्हिटबीच्या आसपास. या एका निवडीने काय काय ठरलं बघा. लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याच्या हातात आहे. तिची स्वतःची कमाई तिची मानणारा कायदा पुढच्या वर्षी, १८७० मध्ये येणार आहे, आणि मालमत्तेवरचा खरा हक्क १८८२ मध्ये. बोटांच्या ठशांचा प्रश्नच नाही. लंडन पोलिसांच्या मुख्यालयात, स्कॉटलंड यार्डात, ठशांचं दफ्तर सुरू झालं १९०१ मध्ये. (कोलकात्यात ते १८९७ लाच सुरू झालं होतं, हे इंग्लंडच्या कादंबरीत कुठे खपवता आलं तर बघा.) कपड्यावरचं रक्त माणसाचं की सशाचं, हे सांगणारी चाचणीही १९०१ च्या आसपासची. त्यामुळे १८६९ मध्ये एखादी मोलकरीण “ससा कापला होता” म्हणाली, तर तिला खोटं पाडण्याची सोय प्रयोगशाळेत नाही. सोमल (आर्सेनिक) हे विष शोधण्याची जेम्स मार्शची चाचणी मात्र १८३६ पासून आहे. आणि आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नाही. ती मुभा १८९८ च्या कायद्याने मिळाली. तुमची संशयित बाई पिंजऱ्यात गप्प उभी राहील आणि बाकी सगळे तिच्याबद्दल बोलतील. याहून गॉथिक प्रसंग कोणता हवा?

एक कायदा मात्र बारकाईने समजून घ्या, तो म्हणजे वेड ठरवण्याचा. १८९० पर्यंत खाजगी रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला घरच्या माणसाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं पुरत. न्यायाधीशाकडे जावं लागत नसे. १८७८ मध्ये जॉर्जिना वेल्डन या गायिकेला तिच्या नवऱ्याने असंच आत टाकायचा घाट घातला. डॉक्टर खोटी ओळख सांगून घरी येऊन गेले. तिला सुगावा लागला आणि ती निसटली. पुढे १८८२ च्या कायद्याने विवाहितेला स्वतःच्या नावाने दावा लावता येऊ लागल्यावर तिने त्या मंडळींना एकामागून एक कोर्टात खेचलं. हा प्रसंग नीट वाचलात तर ध्यानात येईल, की वाड्यातला राक्षस शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच्या खिशात छापील फॉर्म असतो.

पायरी दुसरी: नायिकेला घरात शिरायचं कारण द्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बाई असणं ही नायिकेची अडचण, असं धरून लिहिलं की प्रत्येक प्रकरणात कुणीतरी पुरुष तिला “हे बायकांचं काम नाही” म्हणतो आणि ती त्याला चोख उत्तर देते. दोनदा वाचायला बरं वाटतं. तिसऱ्यांदा कंटाळा येतो. उलट करा. तपासाची वाट तिच्या बाई असण्यातूनच निघू द्या. त्या काळच्या घरातला गुन्हा लपतो कुठे? धुण्याच्या गाठोड्यात, आजाऱ्याच्या उशापाशी, कपड्यांच्या कपाटात, भटारखान्यात. तिथे पुरुष पोलीस एक तर जात नाही, गेला तर बावचळतो.

खरं उदाहरण घ्या. ३० जून १८६० च्या पहाटे विल्टशायरमधल्या रोड हिल हाउस या घरातून सेव्हिल केंट हा जेमतेम चार वर्षांचा मुलगा नाहीसा झाला आणि अंगणातल्या नोकरांच्या शौचकूपात त्याचं प्रेत मिळालं. स्थानिक पोलिसांना भटारखान्यातल्या बंबाच्या भोकात रक्ताचे डाग पडलेला बायकांचा आतला कपडा सापडला. डाग मासिक पाळीचे असावेत असं समजून ते इतके संकोचले, की त्यांनी तो कपडा बाजूला ठेवला, आणि पुढे तो गायबच झाला. कित्येक महिने त्याची वाच्यताही केली नाही.

मग लंडनहून इन्स्पेक्टर जॅक विचर आला. हुशार माणूस. त्याने परटिणीकडे जाणाऱ्या कपड्यांची वही मागवली. मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिचा रात्रीचा एक झगा वहीत होता, पण परटिणीला पोचला नव्हता. मोलकरणीची साक्ष अशी: सोमवारी ती गाठोडी बांधत असताना कॉन्स्टन्स आली, आपली पैशाची पिशवी कपड्यांत राहिली आहे का बघ म्हणाली, आणि मग पेलाभर पाणी आण म्हणून तिला खाली पाठवलं. विचरचा तर्क होता, की तेवढ्या मिनिटात पोरीने नोंद झालेला स्वच्छ झगा परत काढून घेतला. म्हणजे रक्ताचा झगा तिने नष्ट केलेला, वहीत मात्र हिशेब बरोबर, आणि कमी पडलेल्या कपड्याचं खापर परटिणीच्या माथी. झगा सापडला नाही, कोर्टाने मुलीला सोडलं, विचरची नाचक्की झाली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, कॉन्स्टन्सने आपण होऊन कबुली दिली.

आता विचार करा, तो कपडा बंबाच्या भोकातून काढणारी बाई असती तर? डाग कुठे पडले आहेत हे तिने एका नजरेत पाहिलं असतं आणि पाळीचे आहेत की नाहीत ते सांगितलं असतं. तुमच्या नायिकेचं हत्यार ते. त्याला भिंग लागत नाही.

म्हणून तिला असा धंदा द्या, की दार आपोआप उघडेल. घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या गव्हर्नेस आता फार झाल्या. सुईण चालेल, प्रेताला आंघोळ घालणारी चालेल, तुरुंगात बायकांची झडती घेणारी चालेल. आपल्या उदाहरणात ती दुखवट्याचे कपडे शिवणारी विधवा आहे. माणूस गेल्याची वर्दी आली की तिने टेप घेऊन वाड्यावर हजर व्हायचं. घरातल्या प्रत्येक बाईचं माप ती घेते, प्रत्येकीच्या खोलीत जाते, आणि माप घेताना माणूस बोलतं. कोण रडून सुजलंय, कोण नुसतंच डोळे चोळतंय, कुणाची कंबर दोन महिन्यांत वाढली आहे, हे तिला विचारावं लागत नाही.

खऱ्या आयुष्यातल्या बायकांनीही हेच केलं. शिकागोच्या पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत १८५६ मध्ये रुजू झालेल्या केट वॉर्नने एका मोठ्या चोरीत संशयिताच्या बायकोशी मैत्री जोडून पैशाचा माग काढला. १८६१ मध्ये लिंकनवरच्या कटाची कुणकुण लागल्यावर त्याला आपला आजारी भाऊ म्हणवून रात्रीच्या आगगाडीतून नेणारीही तीच. आणि आपल्याकडची बाई हवी असेल तर नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी आहे. पुण्यात शिकून ती ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेली, १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण बाई म्हणून वकिलीची सनद मिळेना. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि बायकांच्या जमीनदाऱ्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, तिने पडदानशीन जमीनदारणींची कामं पाहिली. त्या जनान्यांत पुरुष अधिकाऱ्याला पाऊल टाकता येत नव्हतं. वारसाहक्क, विषप्रयोगाची भीती, बंद दालनं, आणि आत जाऊ शकणारी एकटी कायदेतज्ज्ञ बाई! व्हिटबी लांबचं वाटत असेल त्यांनी खुशाल इकडे वळावं.

पायरी तिसरी: घराचा नकाशा काढा, मग त्यात भूत सोडा

कागदावर चौकटी काढा. मजले, जिने, दारं कुठल्या बाजूला उघडतात, किल्ल्या कुणाकडे. चित्र वाईट आलं तरी चालेल. नोकरांचा जिना वेगळा असतो हे विसरू नका. मालकीण आणि मोलकरीण एकाच घरात राहूनही दिवसभर समोरासमोर येणार नाहीत, अशीच ती रचना असते.

जुन्या इंग्रजी घरांत विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसतात. १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला अनेकांनी त्या बुजवल्या. बाहेरून खिडक्या मोजणारीला आत एक खोली कमी भरते, ही युक्ती जुनी आहे, पण सालाशी जुळवून वापरलीत तर अजूनही चालते.

माझी आवडती वस्तू मात्र घंटा. खोलीतली दोरी ओढली की भिंतीतून नेलेल्या तारेने खाली नोकरांच्या बोळातली घंटा वाजते. घंटा ओळीने टांगलेल्या, प्रत्येक खोलीची वेगळी. बऱ्याच ठिकाणी घंटेला लंबक असे. आवाज थांबल्यावरही तो थोडा वेळ हलत राही, म्हणजे धावत आलेल्या मोलकरणीला कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते कळे. आता प्रसंग पाहा. नायिका रात्री बोळात येते. सगळं शांत आहे. बंद खोलीच्या घंटेचा लंबक अजून हलतो आहे. एवढंच लिहा आणि प्रकरण संपवा.

अशा घंटांची खरी हकिकतही आहे. १८३४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सफोकमधल्या ग्रेट बीलिंग्जच्या घरात घंटा आपोआप वाजत राहिल्या. घरमालकाने तारा तपासल्या, नोकरांना नजरेसमोर उभं केलं, तरी कारण सापडलं नाही. हा मालक म्हणजे मेजर एडवर्ड मूर, मुंबईच्या फौजेतला जुना अधिकारी. टिपूवरच्या स्वारीत तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबर होता. हिंदू देवदेवतांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला आणि चिंचवडच्या देवांविषयीही लिहून ठेवलं. घंटांच्या प्रकरणावर १८४१ मध्ये त्याने छोटं पुस्तकच काढलं.

भुताबाबत एकच पथ्य पाळा. प्रत्येक भुताटकीमागे कुणाचा तरी हात, कुणाचा तरी फायदा असू द्या. आपल्या कथेत घंटा कोण वाजवतं? मेलेल्या मालकाचा धाकटा भाऊ. कशासाठी? विधवा वहिनीने “बंद खोलीतून बोलावणं येतं” असं चार माणसांत सांगावं, आणि ते वाक्य दोन डॉक्टरांच्या कागदावर चढावं. कायदा, घर आणि भीती इथे एका तारेत ओवली गेली. एखादी घटना उलगडायची राहू द्यायची असेल तर राहू द्या, पण ती खुनाशी संबंधित नको. नाहीतर वाचक पैसे परत मागेल.

पायरी चौथी: गुन्हा सरळ लिहा, तपास उलटा

कादंबरी सुरू करण्याआधी खुनाची हकिकत खुन्याच्या बाजूने, तारीखवार, चार-पाच पानांत लिहून काढा. ही पानं कुणाला दाखवायची नाहीत. शेजारी दुसरा रकाना: तीच घटना नायिकेला कधी आणि कशातून कळते.

वार तपासून घ्या. १ नोव्हेंबर १८६९ ला सोमवार होता. मग मालक शुक्रवारी १२ तारखेला गेला, असं धरू. डॉक्टर म्हणतो पोटाचा ताप. धुणं सोमवारी १५ ला जाणार, म्हणजे आजाऱ्याच्या चादरी तोवर घरात आहेत. दुपारी चारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा संध्याकाळच्या भेटी दिव्यात घडवा.

विष म्हणून सोमल वापरायचा तर १८५१ चा कायदा आड येतो आणि कामीही येतो. विक्रेत्याने वहीत गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, कारण लिहून सही घ्यायची. अनोळखी माणसाला ओळखीच्या साक्षीदाराशिवाय द्यायचा नाही. आणि किरकोळ विक्रीचा सोमल काजळी किंवा नीळ मिसळून द्यायचा. १८५७ मध्ये ग्लासगोच्या मॅडलिन स्मिथने सोमल घेताना स्वतःच्या नावाने सही केली होती, कारण दिलं उंदरांचं. तिच्या प्रियकराचा जीव सोमलाने गेला, तरी निकाल लागला ‘सिद्ध झालं नाही’. असा निकाल तेव्हा स्कॉटलंडमध्येच मिळे, यॉर्कशायरमध्ये नाही. त्या खटल्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पत्रांची. बहुतेक पत्रांवर पुरत्या तारखा नव्हत्या. पाकिटांवरच्या पोस्टाच्या शिक्क्यांवरून क्रम लावायचा, तर कुठलं पत्र कुठल्या पाकिटातलं, यावरच वकील भांडले.

धागे असेच हवेत: छोटे, हातात धरता येणारे, आणि नायिकेच्या धंद्यातले. आपल्या कथेसाठी दोन सुचवतो. पहिला, क्रेपचा. दुखवट्याचं ते काळं सुरकुतलेलं कापड पावसाने डागळतं, हे शिवणारणीला पक्कं ठाऊक. मालकाची विधवा म्हणते, “अंत्यविधीपासून मी उंबरा ओलांडलेला नाही.” नायिका बाही नीट करायला वाकते आणि खांद्यावर थेंबांचे डाग बघते. विधवा खोटं बोलते आहे, पण खुनी ती नाही. ती रात्री कुणाला भेटायला गेली होती, तो वेगळा फाटा. दुसरा धागा हातमोज्यांचा. अंत्ययात्रेला येणाऱ्यांना काळे हातमोजे द्यायची रीत. दिराने ते व्हिटबीच्या दुकानातून मागवले, त्या पाकिटावरचा शिक्का बुधवार १० तारखेचा. मालक गेला शुक्रवारी.

हा दुसरा धागा शेवटाला जपून ठेवायचा मोह आवरा. पाकीट पहिल्या तीस पानांतच वाचकाला दाखवा, दुकानातल्या खिळ्याला अडकवलेल्या कागदांमध्ये, दुसऱ्याच कामासाठी. तारीख वाचू द्या. मृत्यूचा वार मात्र तेव्हा बोलण्यात आणू नका.

पायरी पाचवी: ही माणसं मराठीत बोलणार कशी?

इंग्रज पात्रांच्या तोंडी शुद्ध तुपातली मराठी घातली की सगळे कीर्तनकार वाटतात. साधी, थोडी जुन्या वळणाची भाषा पुरे. नाती मात्र आधी ठरवा. मोलकरीण मालकिणीला “बाईसाहेब” म्हणेल. मालकीण तिला “अगं” म्हणेल. शिवणारणीला काय म्हणायचं, यावर मालकीण क्षणभर अडखळली तरी दोघींचं स्थान कळतं. दीर चारचौघांत वहिनीशी “तुम्ही” म्हणत असेल आणि एकदाच, दाराआड, “तू” म्हणून गेला, तर नायिकेने ते ऐकायला हवं.

“ओ माय गॉड”ची भाषांतरं टाळा. म्हणी अस्सल मराठी असल्या तरी जपून. व्हिटबीच्या कोळ्याच्या तोंडी बैलपोळा यायला नको.

पायरी सहावी: माहिती कुठून आणायची

इथे वेळ घालवू नका, तेवढी नावं देतो. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले इंटरनेटवर फुकट वाचता येतात. साक्षीदारांची बोली त्यातून उचला. यॉर्कशायरचे गुन्हे तिथे मिळणार नाहीत, पण वस्तू, किमती, नोकरांचे तास मिळतील. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने, मोठ्या स्केलचे नकाशे आहेत. घरकामासाठी मिसेस बीटनचं १८६१ चं जाडं पुस्तक, गाड्यांसाठी ब्रॅडशॉचं वेळापत्रक. कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी कशी चाले ते वर्तमानपत्रांत पाहा. ती बऱ्याचदा गावच्या गुत्त्यात भरे आणि ज्यूरीला प्रेत पाहावं लागे. रोड हिलची चौकशी रेड लायन नावाच्या गुत्त्यात सुरू झाली, पण गर्दी मावेना म्हणून दुसऱ्या सभागृहात हलवावी लागली.

जमवलेल्या माहितीतली दहातली एक गोष्ट वापरा. क्रेप कसं विणतात यावर परिच्छेद लिहिलात तर खून विसरला जाईल.

पायरी सातवी: पहिलं प्रकरण, आणि नंतरची परीक्षा

पहिलं प्रकरण प्रेतापासून सुरू करू नका, वाड्याच्या वर्णनापासून तर नकोच. नायिका काम करताना दिसू द्या. ती टेप घेऊन आली आहे, पाच बायकांची मापं घ्यायची आहेत, कापड चारच जणींपुरतं मागवलंय. पाचवी कोण, आणि तिला का वगळलं? एवढा प्रश्न पंधरा पानं ओढून नेतो.

पहिला खर्डा झाला की रहस्यकथा वाचणारा एक आणि न वाचणारा एक, असे दोन वाचक धरा. त्यांना अभिप्राय विचारू नका, लोक गोड बोलतात. पेन्सिल द्या आणि सांगा, संशय बदलेल त्या पानाच्या कडेला फक्त नाव लिहायचं. दिराचं नाव निम्म्याच्या आत दोघांनीही लिहिलं, तर घंटेचा प्रसंग पुढे ढकला आणि पावसाचे डाग अलीकडे आणा. शेवटपर्यंत एकानेही लिहिलं नाही, तर हातमोज्यांचं पाकीट फार खोल पुरलंय. ते थोडं वर काढा आणि शिक्क्यावरची तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून एकदा वाचून घ्या.